दवाखान्यात मतदार नोंदणी: सोशल वर्करने पेशंटला विचारावं का? (अमेरिका)

रानजाई

मी न्यू जर्सीत एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये सोशल वर्कर आहे. नवीन पेशंट आला की माहिती घेताना आम्ही बरंच काही विचारतो. राहता कुठे, भाडं वेळेवर जातं का, महिनाअखेरीला घरात खायला पुरतं का, विमा आहे का. त्याच ओघात आणखी एक प्रश्न असतो: "मतदार यादीत नाव आहे का? घर बदललं असेल तर पत्ता बदलून घ्यायचाय का?" हो म्हणाले तर फॉर्म देतो किंवा राज्याच्या साइटचा दुवा देतो, भरायला मदत लागली तर करतो. नको म्हणाले की विषय तिथेच संपतो.

महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांना हे कळल्यावर त्यांनी मला बरंच सुनावलं. दवाखान्यात राजकारण कशाला, दुखणं घेऊन आलेल्या माणसाला हे विचारणं शोभतं का, वगैरे. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं आधीच सांगते: हा प्रश्न माझ्या कामाचाच भाग आहे, आणि तो डॉक्टरने नव्हे, सोशल वर्करने विचारावा.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. इथे बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी) दारात येत नाही. यादीत नाव घालणं, पत्ता बदलणं ही मतदाराची जबाबदारी. नॉर्थ डकोटा सोडलं तर सगळ्या राज्यांत नोंदणी लागते आणि मुदत प्रत्येक राज्याची वेगळी. आमच्याकडे निवडणुकीच्या २१ दिवस आधी, टेक्सासात ३० दिवस आधी, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीसुद्धा. ज्याचं बस्तान बसलंय, ज्याच्याकडे गाडी आहे, त्याचं काम लायसन्सच्या ऑफिसात होऊन जातं. ज्याच्याकडे गाडी नाही, जो वर्षात दोनदा भाड्याची खोली बदलतो, जो शेल्टरमध्ये झोपतो, त्याचं नाव गळतं. आणि नेमका तोच माणूस आमच्याकडे येतो.

हे हेरलं तेही समाजकार्य शिकवणाऱ्यांनीच. कोलंबिया विद्यापीठाच्या समाजकार्य विद्यालयातले रिचर्ड क्लोवर्ड आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक फ्रान्सिस फॉक्स पिवन यांनी १९८३ मध्ये 'ह्यूमन सर्व्ह' ही संस्था काढली. त्यांची मागणी एवढीच होती की माणूस मदत मागायला जिथे येतो तिथेच त्याची नोंदणी व्हावी. २० मे १९९३ ला क्लिंटन यांनी नॅशनल व्होटर रजिस्ट्रेशन ॲक्टवर सही केली तेव्हा ते दोघंही समारंभाला होते. या कायद्याला सगळे 'मोटर व्होटर' म्हणतात, त्यामुळे लायसन्सचा भाग लोकांना ठाऊक असतो आणि सातवं कलम मागे राहतं. त्या कलमानुसार मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), फूड स्टॅम्प (अन्नासाठीची मदत), विक (गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीची पोषण योजना) यांच्या ऑफिसांनी आणि अपंगांसाठीच्या सरकारी सेवांनी अर्ज घेताना, नूतनीकरण करताना आणि पत्ता बदलताना नोंदणीचा फॉर्म पुढे करायचाच आहे. त्याच कलमात मनाईसुद्धा लिहिली आहे: कर्मचाऱ्याने कुठल्या पक्षाकडे कल दाखवायचा नाही, नोंदणीपासून परावृत्त करायचं नाही, आणि नोंदणी केली वा नाही केली तर मदतीवर परिणाम होईल असं भासवायचंही नाही.

आमच्या सेंटरवर ही सक्ती नाही, आम्ही स्वेच्छेने करतो. पण वागण्याचे नियम तिथूनच घेतलेत.

शतपावली

रानजाई, तळमळ समजते, पण मी या गोष्टीच्या विरोधात आहे. ओहायोत हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. माझ्यासमोर पेशंट गाऊन घालून, हाताला सुई लावून पडलेला असतो. तो मला सहसा नाही म्हणत नाही. "सही करा" म्हटलं की करतो, काय लिहिलंय ते वाचतही नाही. अशा माणसाला मी मतदानाबद्दल विचारलं तर त्याला तो प्रश्न वाटणारच नाही, डॉक्टरांची सूचना वाटेल. उद्या त्याने नको म्हटलं आणि त्याच दिवशी वेदनाशामक गोळीला उशीर झाला, तर तो त्या दोन गोष्टी जोडणारच. तुमचा हेतू कितीही शुद्ध असो.

शिवाय माझ्याकडे माणशी किती मिनिटं असतात ते इथल्या डॉक्टरांना विचारा.

मोगरा_बॉस्टन

शतपावली, तुमच्याच पेशातल्या एकाने हे सुरू केलंय. तेव्हा मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत असलेले डॉ. ॲलिस्टर मार्टिन यांनी २०१९ मध्ये 'व्होट-ईआर' काढलं. गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे क्यूआर कोडचं कार्ड. पेशंट वाट बघत बसलेला असतो, वाटलं तर आपल्या फोनवर स्कॅन करतो. कर्मचाऱ्याला त्याने काय भरलं ते दिसतही नाही. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०२२ मध्ये ठराव करून मतदानाचा आरोग्यावर परिणाम करणाऱ्या सामाजिक घटकांत समावेश केला.

एक गोष्ट मला फार भावते. अमेरिकेत हॉस्पिटलात सोशल वर्कर नेमायची सुरुवात तिथलीच. १९०५ मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी तिथे पहिली सोशल वर्कर आणली आणि नंतर आयडा कॅनन यांनी तो विभाग उभा केला. क्षयाच्या पेशंटला मोकळी हवा आणि सकस अन्न लिहून द्यायचं आणि तो परत त्याच कोंदट खोलीत जायचा. औषध लिहून काही होत नाही, घरापर्यंत पोहोचावं लागतं, हे कॅबट यांच्या लक्षात आलं होतं.

रानजाई

शतपावली, तुमचा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच मी म्हणतेय की हे काम डॉक्टरचं नाही. तुमच्या हातात त्याचं औषध आहे, डिस्चार्ज आहे, कामाच्या ठिकाणी द्यायचं पत्र आहे. माझ्या हातात त्यातलं काही नाही. माझ्याशी तो भाड्याबद्दल, भावाच्या दारूबद्दल बोलत असतो, आणि मला नाही म्हणायला तो कचरत नाही. माझे पेशंट मला दिवसभर नाही म्हणतात! समुपदेशनाला नाही, शेल्टरला नाही, फूड पँट्रीला नाही. ते नाही ऐकून घेणं आणि तरी पुढच्या वेळी त्याच आपुलकीने बोलणं हेच आमचं प्रशिक्षण. आमच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत स्वनिर्णयाचा हक्क पहिल्याच भागात आहे, आणि लोकांना धोरणं ठरवण्यात समजून-उमजून भाग घेता यावा म्हणून मदत करणं हेही त्याच संहितेत आहे.

वेळेबद्दल: आम्ही कधीही इमर्जन्सीत, वेदनेत असलेल्या किंवा नुकतीच वाईट बातमी मिळालेल्या माणसाला हे विचारत नाही. उपचाराचं काम संपल्यावर, कागदपत्रं चालू असताना विचारतो. आणि उत्तर मेडिकल रेकॉर्डमध्ये लिहीत नाही.

एडिसनकर

एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी काढली नाही. आपल्या लोकांत एच-१बी आणि ग्रीन कार्डवाले किती आहेत! नागरिक नसलेल्या माणसाने चुकून नोंदणी केली तर ते प्रकरण फार महागात पडतं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात सरळ प्रश्न आहे की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली आहे का, मत दिलंय का. १९९६ च्या कायद्यानंतर नागरिक असल्याचा खोटा दावा करणं किंवा बेकायदा मत देणं यावरून देशाबाहेर काढता येतं. "क्लिनिकमधल्या बाईंनी फॉर्म दिला, मी सही केली" हे सांगून सुटका होईलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका काकांना असाच कुठल्याशा काउंटरवर फॉर्म मिळाला होता, मुलीने वेळीच बघितलं म्हणून वाचले. ज्येष्ठ मंडळी इंग्रजी फॉर्म दिसला की सही करून मोकळी होतात.

रानजाई

एडिसनकर, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक क्लिनिकच्या भिंतीवर लावावं असं आहे. या कामात सगळ्यात मोठी इजा इथेच होऊ शकते, आणि ती मदत करायला निघालेल्याच्या हातून होते. त्यामुळे आमच्याकडे क्रम पक्का आहे. आधी वाक्य येतं: "हे फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्ड, व्हिसा किंवा दुसरं काही असेल तर फॉर्म भरू नका, आणि तुमचं काय आहे ते मला सांगायचीही गरज नाही." मग प्रश्न. फॉर्म त्यानंतर. इमिग्रेशनची स्थिती आम्ही विचारत नाही, कारण ती विचारली तर माणूस उद्या तपासणीलाही येणार नाही. केंद्र सरकारच्या टपाली फॉर्मवरही सुरुवातीला हेच दोन प्रश्न आहेत, नागरिक आहात का आणि निवडणुकीच्या दिवशी १८ पूर्ण होतील का. उत्तर नाही असेल तर पुढे भरू नका असं छापलेलं आहे. पण छापलेल्यावर विसंबायचं नाही. तोंडाने, त्याच्या भाषेत, सावकाश सांगायचं. इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषा आल्याशिवाय फॉर्म बाहेरच काढायचा नाही. फॉर्मचा गठ्ठा रिसेप्शनवर नुसता ठेवून देणं मला म्हणूनच मान्य नाही.

कृष्णाकाठ

मी महाराष्ट्रात एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) आहे. धागा वाचून राहवलं नाही. आपल्याकडे या पदाची सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली झाली. आणि ज्या संस्थेने आपल्याला समाजकार्याचं शिक्षण दिलं, ती आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकेतूनच आलेले. म्हणजे आपलं घराणं एकच आहे म्हणा ना.

आमच्याकडचा दिवस वेगळा जातो. जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवणं, बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणं. मतदार नोंदणी आम्ही रुग्णालयात करत नाही, ते काम बीएलओचं, नमुना ६ (नवीन नाव) आणि ८ (पत्ता वगैरे बदल) त्यांच्याकडे किंवा ऑनलाइन. पण मतदानाच्या दिवशी वॉर्डात असलेल्या माणसाचं मत आपल्याकडे बुडतंच. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना २०२४ च्या लोकसभेला १२-डी हा अर्ज भरून घरून मत देता आलं. डायलिसिसवरचा पन्नाशीचा शेतमजूर यात कुठेच बसत नाही. ॲडमिट असताना "साहेब, आज मतदान हाय, दोन तास सोडा" म्हणणारे रुग्ण दर निवडणुकीला भेटतात. डॉक्टर सोडू शकत नाहीत. त्यावेळी त्यांची होणारी तगमग पाहवत नाही.

अमेरिकेत मतदानाच्या दिवशी हॉस्पिटलात असलेल्याचं काय होतं?

रानजाई

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. इथेही राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत कुणालाही कारण न देता टपाली मत मागता येतं, आणि टपालाची मुदत उलटली तरी निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत काउंटी क्लार्ककडे प्रत्यक्ष अर्ज करता येतो. पेशंट स्वतः जाऊ शकत नसेल तर तो लेखी अधिकार देऊन एखाद्याला पाठवू शकतो, तो माणूस मतपत्रिका आणून देतो. उमेदवाराला हे काम करता येत नाही आणि एका माणसाने किती जणांसाठी हे करायचं यावर मर्यादा आहे. बऱ्याच राज्यांत अचानक ॲडमिट झालेल्यांसाठी अशी काही ना काही सोय असते. ती पेशंटला माहीत नसते, नर्सला माहीत नसते, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी कुणालाच शोधायला वेळ नसतो. म्हणून ऑक्टोबर उजाडला की आपल्या राज्याचा नियम एका पानावर लिहून प्रत्येक मजल्यावर ठेवायचा. हे काम सोशल वर्करने केलं नाही तर कुणीच करत नाही.

तटस्थ_वाचक

मुद्द्याचं बोलतो. नोंदणी निःपक्ष म्हणता, पण गरीब वस्तीतल्या क्लिनिकमध्ये नोंदणी वाढली की डेमोक्रॅट पक्षाला फायदा होतो असं लोक मानतात ते सगळ्यांना माहीत आहे. मग हे निःपक्ष कसं? बायडन यांनी मार्च २०२१ मध्ये सरकारी खात्यांना नोंदणीत मदत करायचा आदेश काढला, ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये येताक्षणी तो रद्द केला. म्हणजे हा प्रश्न पक्षीयच झालाय.

रानजाई

आदेश आले आणि गेले हे खरं आहे, पण १९९३ चा कायदा तसाच आहे आणि तो संसदेने केलेला आहे. त्या आदेशाच्या काळात माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांना नोंदणीचं काम द्यायला पुढे आलेल्या राज्यांत केंटकी आणि मिशिगन होती. केंटकीची निळी-लाल (डेमोक्रॅट-रिपब्लिकन) गणितं तुम्हीच मांडा. शेतीच्या भागातली, कोळशाच्या खाणींजवळची क्लिनिकंही माझ्या सेंटरइतकीच गरीब आहेत आणि तिथल्या पेशंटचीही नावं अशीच गळतात. तिथल्या सोशल वर्करनेही विचारावं, मला तितकाच आनंद होईल.

निःपक्षपणा मी निकालावरून मोजत नाही, माझ्या वागण्यावरून मोजते. सगळ्यांना विचारते का? की टोपीवरचं नाव किंवा रंग बघून निवडते? नको म्हणणाऱ्याशी नंतरही तसंच वागते का? कोणाला मत देऊ असं विचारलं तर गप्प राहते का? (हे विचारतात, खूपदा. मी राज्याच्या साइटवरची नमुना मतपत्रिका काढून देते.) गाडीवर माझं काही का चिकटवलेलं असेना, क्लिनिकच्या आत माझ्या अंगावर एक बिल्लाही नसतो. करमुक्त संस्था म्हणून आमच्या सेंटरला कुठल्या उमेदवाराचा प्रचार करायला कायद्यानेच बंदी आहे, निःपक्ष नोंदणीला मात्र परवानगी आहे.

पांढरीचा_वाडा

माझ्या मते तुम्ही एक जोरदार उदाहरण वापरायला हवं. मेडिकेडचा विस्तार कितीतरी राज्यांत विधिमंडळाने किंवा गव्हर्नरने अडवून धरला होता आणि लोकांनी थेट मतदान करून तो आणला. २०१७ मध्ये मेन, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिझुरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा. पेशंटला हे सांगितलं तर मत आणि औषध यांचा संबंध लगेच कळेल.

रानजाई

इथे धाग्यावर हे उदाहरण उत्तम आहे आणि खरं आहे. आपल्याला एखादी गोष्ट का महत्त्वाची वाटते हे त्यातून नेमकं कळतं. पण पेशंटसमोर मी ते उच्चारणार नाही. ज्याचं मेडिकेड माझ्या टेबलावर अडकलंय त्याला मेडिकेडच्या मतदानाची गोष्ट सांगणं म्हणजे त्याला एका बाजूला ढकलणं. त्याला शाळेच्या बोर्डासाठी मत द्यायचं असेल, बंदुकीच्या हक्कासाठी द्यायचं असेल, द्यायचंच नसेल. कारण त्याचं त्याने ठरवावं.

निरांजन_ठाणे

माझी मावशी कॅलिफोर्नियात आहे, नागरिक आहे, आता विसरभोळेपणाचा आजार सुरू झालाय. तिथल्या सोशल वर्करने विचारलं तेव्हा मावसभाऊ म्हणाला, तिला आता काय कळतंय. मावशी मात्र चिडली, म्हणाली मी दर वेळी मत दिलंय. अशा वेळी काय करायचं? आपल्याकडे मनोरुग्णांना मत नाही ना?

कृष्णाकाठ

निरांजन, हा गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे, रुग्णालयातल्या लोकांतही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाव वगळायला दोन गोष्टी एकत्र लागतात: माणूस मनाने असमर्थ असणं आणि सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असणं. नुसता डॉक्टरचा कागद किंवा मनोरुग्णालयातला दाखला पुरत नाही. चेन्नईच्या मानसिक आरोग्य संस्थेतल्या रुग्णांनी २०१९ च्या लोकसभेला तिथेच उभारलेल्या केंद्रावर मत दिलं होतं. अडचण वेगळीच येते. त्याच कायद्यात असं आहे की मनोरुग्णालयात दाखल आहे एवढ्यावरून तो तिथला रहिवासी धरला जात नाही. वर्षानुवर्षं घरच्यांनी नेलंच नाही, गावच्या यादीतूनही नाव गेलं, अशा बाईचा पत्ता कोणता लिहायचा? या प्रश्नाचं उत्तर आमच्या वॉर्डात रोज बसलेलं असतं.

रानजाई

इथेही तेच तत्त्व आहे. निदानामुळे हक्क जात नाही. पालकत्वाचा (गार्डियनशिपचा) निर्णय देताना कोर्ट काय म्हणतं ते राज्यागणिक बदलतं, पण ते ठरवणं कोर्टाचं काम. मुलाचं नाही, माझं नाही, डॉक्टरचंही नाही. निरांजन, मावशींना मत द्यायचंय असं त्या म्हणताहेत, तेवढं पुरे. दिसत नसेल, वाचता येत नसेल, हात चालत नसेल तर व्होटिंग राइट्स ॲक्टच्या २०८ व्या कलमाने त्या स्वतःच्या पसंतीचा मदतनीस बरोबर घेऊ शकतात. मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी सोडून कुणीही चालतो. मात्र खूण कुठे करायची ते मावशी सांगणार, मुलगा नाही.

पत्त्याबद्दल कृष्णाकाठ यांनी लिहिलंय त्यावर इथली एक गोष्ट सांगते. न्यूयॉर्कमध्ये १९८४ च्या पिट्स विरुद्ध ब्लॅक या खटल्यात कोर्टाने म्हटलं की घर नाही म्हणून मत नाकारता येणार नाही. केंद्राच्या टपाली फॉर्मवर एक रिकामा चौकोन असतो. ज्याला घर नंबर नाही त्याने तिथे जवळचे दोन रस्ते काढायचे, चर्च, शाळा, दुकान असं काही ओळखीचं दाखवायचं आणि आपण जिथे राहतो तिथे फुली मारायची. पुलाखाली राहणाऱ्या माणसाबरोबर बसून तो चौकोन भरला आहे मी. त्याला रस्त्यांची नावं माझ्यापेक्षा पाठ होती. पत्र यायला पत्ता लागतो, त्यासाठी शेल्टर किंवा आमच्या सेंटरचा पत्ता चालतो का ते आधी काउंटीला फोन करून विचारून ठेवलं होतं.

आणखी एक, न्यू जर्सीतल्या लोकांसाठी. प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्यांना इथे मार्च २०२० पासून मत आहे. ऐंशी हजारांहून जास्त लोकांना त्या कायद्याने हक्क परत मिळाला. व्यसनमुक्तीच्या गटात येणाऱ्या कितीतरी जणांना अजून वाटतं की आपलं मत कायमचं गेलं.

शतपावली

पुलाखालच्या माणसाचं वाचून थोडा वेळ थांबलो. माझं मत अर्धंच बदललंय. मी स्वतः खाटेजवळ विचारणार नाही, त्यावर ठाम आहे. पण आमच्या मजल्यावर डिस्चार्जच्या आधी केस मॅनेजर आणि सोशल वर्कर प्रत्येकाला भेटतातच. त्यांना सुचवायचं तर सुरुवात कुठून करू? आमच्याकडे प्रशासन आणि वकील दोघंही बिचकणार.

रानजाई

वकिलांपासूनच सुरुवात करा. तीन गोष्टी लेखी मागा: सगळ्यांना एकच ठरलेलं वाक्य, नागरिकत्वाबद्दलची सूचना आधी, आणि उत्तराची कुठेही नोंद नाही. हे तिन्ही वाचले की बहुतेकांची धास्ती कमी होते. मग एकाच मजल्यावर, एका सोशल वर्करबरोबर सुरू करा, आणि तिला यासाठी कुठलाही आकडा गाठायला देऊ नका. आकडा आला की माणसं घाई करतात, आणि एडिसनकरांनी लिहिलेली इजा घाईतच होते. तुमच्या ओहायोत नोंदणीची मुदत निवडणुकीच्या ३० दिवस आधी संपते, तेव्हा ऑगस्टमध्ये बोलणं काढा. आमचं वाक्य आणि मजल्यावर ठेवायचं पान तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते. त्यातला न्यू जर्सीचा भाग काढून तुमच्या राज्याचा घाला आणि काउंटी बोर्डाकडून तपासून घ्या.

कृष्णाकाठ

ताई, ते पान मलाही पाठवा. नियम आमचे वेगळे आहेत, पण नमुना ८ आणि १२-डी बद्दल मराठीत असंच एक पान करून वॉर्डात लावायचं म्हणतोय. अधिष्ठात्यांची परवानगी काढतो.